द्यूतगृहांतील निवड

जुगार वाईट कीं बरा, हा या लेखाचा विषय नव्हे. त्या प्रश्नाचा निकाल ऋग्वेदांतील द्यूतकाराच्या सूक्तापासून आजपर्यंत इतक्या वेळां लागला आहे, आणि निकाल लागूनही जुगार इतक्या निर्वेधपणें चालू आहे, कीं त्यांत आणखी एका प्राध्यापकाच्या मताची भर पडल्यानें कोणाचेंच कांहीं बिघडणार नाहीं. मला येथें विचार करावयाचा आहे तो एका लहानशा, वरवर पाहतां क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचा. इंटरनेटवर जीं द्यूतगृहें आज चालतात, त्यांना सर्वत्र ‘ऑनलाइन कॅसिनो’ म्हणतात; आपणही तेंच नांव वापरूं. या कॅसिनोंच्या खेळसंग्रहाचें गुणदोषविवेचन करणारा एक मोठा वाङ्मयप्रकार इंग्रजींत निर्माण झाला आहे. अमक्या कॅसिनोंत खेळ किती, ते कोणत्या कारखान्यांचे, नवे किती येतात, परतावा शेंकडा किती, याचें तेथें तपशीलवार परीक्षण असतें. आणि शेवटीं, पुस्तकपरीक्षणाच्या शेवटीं असावा तसा, अभिप्राय असतो: संग्रह उत्तम, संग्रह मध्यम, संग्रह बेताचा. माझा प्रश्न असा कीं, या ठिकाणीं ‘उत्तम’ या शब्दाचा अर्थ काय?

हा शब्द उसना आणलेला आहे. ग्रंथालयाचा संग्रह उत्तम असें आपण म्हणतों तेव्हां एक गोष्ट गृहीत धरलेली असते: तेथें ज्ञानेश्वरी आहे आणि डार्विनही आहे, आणि एक वाचणारा मनुष्य दुसरें वाचणाऱ्याहून कांहीं निराळा होऊन बाहेर पडतो. बाजारांत भाजीची निवड चांगली आहे म्हणतांना मेथीची चव वेगळी आणि दुध्याची वेगळी, हें आपल्या मनांत असतें. म्हणजे निवडीला किंमत येते ती निवडावयाच्या वस्तूंच्या परिणामांतील भेदामुळें. परिणाम एकच असेल, तर शंभर वस्तूंतून एक निवडणें आणि असेल ती एकच वस्तु घेणें यांत फरक उरतो तो केवळ निवडण्याच्या श्रमाचा. ही कसोटी कॅसिनोच्या यादीला लावून पाहूं.

इंटरनेटवरील जुगाराला परवाने देण्याची वाट कॅरिबियन समुद्रांतील अँटिग्वा व बार्ब्यूडा या चिमुकल्या राष्ट्रानें १९९४ सालीं कायदा करून मोकळी केली. पुढें माल्टा, आइल ऑफ मॅन, कुरासाव अशीं बेटें या व्यापाराचीं माहेरघरें झालीं, आणि ब्रिटननें २००५ च्या कायद्यानें त्याला आपल्या घरांत रीतसर जागा दिली. (बेटांचा आणि या धंद्याचा हा ऋणानुबंध कोणीतरी अभ्यासण्यासारखा आहे. आपल्याकडे गोव्यानेंही पत्त्यांच्या आणि रूलेटच्या टेबलांना १९९६ च्या दुरुस्तीनें परवानगी दिली ती जमिनीवर नव्हे, जहाजांवर.) मोठ्या कॅसिनोच्या यादींत आज कांहीं हजार खेळ असणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. त्यांपैकीं बहुसंख्य ‘स्लॉट’ जातीचे. चक्रें फिरतात, चित्रें जुळतात किंवा जुळत नाहींत. उरलेल्यांत रूलेट, ब्लॅकजॅक, बॅकरा, व्हिडिओ पोकर, आणि कॅमेऱ्यापुढें खरोखरीचा पत्ते वांटणारा मनुष्य बसवून चालविलेलीं ‘लाइव्ह’ टेबलें. स्लॉटांचीं रूपें पाहावीं तर डोळे दिपतात. मिसरचे पिरॅमिड, चिनी ड्रॅगन, समुद्रावरचे चांचे, फळांच्या राशी. एका कंपनीनें तर आपल्या गणपतीलाही त्या चक्रांवर आणून बसविलें आहे, आणि विघ्नहर्त्याला ही नोकरी कितपत मानवली असेल याचा विचार मी करीत बसत नाहीं.

परंतु या रूपांच्या मागें काय आहे? स्लॉटचें मूळ यंत्र सॅन फ्रान्सिस्को येथील चार्ल्स फे या कारागिरानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बनविलें. त्यांत स्प्रिंगा होत्या, दांडा होता, तीन चक्रें होतीं. आणि डोळ्यांना जें दिसत होतें तेंच यंत्रांत घडत होतें. चक्रावर बावीस थांबे असतील, तर तीन चक्रांच्या मिळून १०,६४८ जुळण्या होणार, आणि खेळणारा मनांत आणील तर त्या मोजूं शकेल. १९८४ सालीं इंगे टेल्नेस या नॉर्वेजियन गणितज्ञाला अमेरिकेंत एका युक्तीचें पेटंट मिळालें. त्या युक्तीप्रमाणें निकाल ठरवितो तो यंत्रांतला यादृच्छिक अंक. चक्र कोठें थांबवावें हें त्या अंकावरून मागाहून ठरतें. एका थांब्याच्या पाठीमागें कितीही अंक ठेवतां येतात, दुसऱ्याच्या पाठीमागें एकच ठेवतां येतो. तेव्हांपासून चक्र हें घटनेचें कारण न राहतां घटनेचें चित्र झालें. इंटरनेटवर तर खरें चक्रही उरलें नाहीं. बटण दाबल्याक्षणीं निकाल लागलेला असतो. त्यानंतर जें फिरतें, चमकतें आणि गातें, तें त्या निकालाचें निवेदन असतें. पिरॅमिड आणि ड्रॅगन हे निवेदनाचे प्रकार आहेत.

आपल्या भाषेंत एक मौजेचा शब्द आहे. ‘विकल्प’ म्हणजे पर्याय, हा अर्थ आज सर्वांना ठाऊक आहे. परंतु पतंजलीनें योगसूत्रांत विकल्प ही चित्ताची एक वृत्ति सांगितली आहे, आणि तिचा अर्थ असा कीं, शब्दाच्या मागें वस्तु नसतांना केवळ शब्दाच्या बळावर होणारा बोध. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे चिकटले याचा शोध व्युत्पत्तिकारांनीं घ्यावा. कॅसिनोच्या यादीपुढें बसलेल्या मनुष्याला मात्र ते दोन्ही अर्थ एकाच वेळीं लागू पडतात.

तरीही ‘सारे खेळ सारखेच’ असें म्हणून मोकळें होणें आळशीपणाचें होईल. भेद आहेत, आणि ते आंकड्यांत सांगतां येतात. माझा एक जुना विद्यार्थी, माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गांत दोन वर्षें बसून पुढें संख्याशास्त्राकडे वळलेला, आज युरोपांत अशा परीक्षणांचेंच काम करतो. या विषयांतलें माझें बरेंच शिक्षण त्याच्या पत्रांतून झालें. रूलेटच्या युरोपीय चक्राला ३७ घरें असतात, आणि एका आंकड्यावर लावलेला पौंड लागला तर ३५ पौंड मिळतात. म्हणून घरधन्याचा वांटा सदतिसांत एक, म्हणजे २.७० टक्के. अमेरिकन चक्राला शून्याचें आणखी एक घर असतें, तेथें तो वांटा ५.२६ टक्के होतो. बॅकरांत ‘बँकर’वर पैसे लावले तर वांटा सुमारें एक टक्का, त्याच टेबलावर, त्याच पत्त्यांवर, बरोबरी होईल म्हणून लावले तर बहुधा चौदा टक्क्यांच्या वर. ब्लॅकजॅकमध्यें ठरलेल्या कोष्टकाप्रमाणें चुका न करतां खेळणाऱ्याला तो वांटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणतां येतो. परंतु पहिल्या दोनच पत्त्यांत एकवीस झाले असतां दहा पौंडांस पंधराऐवजीं बाराच देण्याचा नियम जेथें असेल, तेथें जवळजवळ दीड टक्का निमूटपणें वाढतो. स्लॉटांचा परतावा साधारणतः ९४ ते ९७ टक्के सांगितला जातो. यांतली आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते: बरेच कारखानदार एकच खेळ, त्याच नांवाचा आणि त्याच चित्रांचा, दोन-तीन निरनिराळ्या परताव्यांत तयार ठेवतात, आणि त्यांपैकीं कोणता घ्यावयाचा हें कॅसिनोचा मालक ठरवितो. खरी निवड जर कोठें होत असेल तर ती तेथें होते. आणि ती खेळणारा करीत नाहीं.

हे सारे आंकडे माझा विद्यार्थी आपल्या कोष्टकांत देतो. दोन वर्षांपूर्वीं एका पत्रांत त्यानें मला विचारलें, “सर, मी देतों तो प्रत्येक आंकडा खरा असतो. माप खरें असेल तर मापाड्याला दोष कां?”

प्रश्न चोख आहे, आणि त्याला दिलें जाणारें नेहमींचें उत्तर मला पुरेसें वाटत नाहीं. तें उत्तर असें कीं, या परीक्षकांचें पोट कॅसिनोवर चालतें. हें बहुतांशीं खरें आहे. परीक्षण वाचून जो वाचक कॅसिनोंत जाऊन पैसे भरतो, त्याच्यामागें परीक्षण छापणाऱ्याला एक ठोक रक्कम मिळते. किंवा तो वाचक पुढें जें हरेल त्यांतला शेंकडा कांहीं हिस्सा मिळत राहतो. ही दुसरी रीत विशेष विचार करण्याजोगी आहे, कारण तींत सल्ला देणाराची मिळकत सल्ला घेणाराच्या नुकसानीशीं बांधलेली असते. वकिलाची फी अशिलाच्या पराभवावरून ठरावी, अशी कल्पना वाचकांनीं करून पाहावी. परंतु समजा, माझा विद्यार्थी ठराविक पगारावर आहे, निःस्पृह आहे, आणि त्याच्या कोष्टकांत एकही आंकडा खोटा नाहीं. (माझ्या माहितीप्रमाणें हें सारें तसेंच आहे.) मग काय म्हणावयाचें? लांचखाऊ मापाड्याचा निकाल लावणें सोपें. प्रामाणिक मापाड्यापाशीं येऊन प्रश्न अवघड होतो.

प्रामाणिक द्यूताची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारी नेमला आहे. द्यूत एकाच ठिकाणीं चालावें, फांसे आणि कवड्या अध्यक्षानें शुद्ध अशा पुरवाव्या, कोणी बदलल्या तर त्याला बारा पण दंड करावा, आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच सरकारांत घ्यावे. शिवाय फांशांचें भाडें, पाण्याचे आणि जागेचे पैसे वेगळे. आजचीं परवाना-मंडळें याहून फारसें निराळें कांहीं करीत नाहींत. अंक यादृच्छिक आहेत कीं नाहींत हें तीं तपासून घेतात, आणि कर घेतात. या व्यवस्थेमागें एक समजूत आहे: द्यूताचा दोष म्हणजे कपट, कपट काढून टाकलें कीं उरतो तो खेळ.

ही समजूत आपल्याही मनांत खोल आहे. शकुनीचे फांसे त्याच्या बापाच्या हाडांचे होते, त्यामुळें ते त्याला वश होते, ही लोककथा गांवोगांव सांगितली जाते. ती इतकी लोकप्रिय कां असावी? मला वाटतें, तिच्यामुळें एक सोय होते. युधिष्ठिर फसला असें म्हटलें कीं दोष फांशांकडे जातो आणि द्यूत निर्दोष सुटतें. परंतु कॅसिनोला कपटाची गरजच नसते. ३७ घरांचें चक्र जितकें निर्दोष, तितकें तें आपला वांटा खात्रीनें वसूल करतें. उलट चक्र वांकडें असेल तर भीति मालकाला: एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत जोसेफ जॅगर या यॉर्कशायरच्या माणसानें माँटे कार्लो येथील एका सदोष चक्राचा कल हेरून तेथून मोठी रक्कम नेली, असा इतिहास आहे. येथें नुकसान होतें तें खऱ्या मापानेंच. तेव्हां ‘माझें माप खरें आहे’ हा बचाव ज्या आरोपाला उत्तर देतो, तो आरोपच मुळीं कोणी केलेला नाहीं.

आतां कोष्टकाकडेच पुन्हां पाहूं. त्यांत खेळाचें नांव आहे, कारखाना आहे, परतावा आहे, खेळ किती चंचल आहे (म्हणजे थोडें थोडें वरचेवर देतो कीं पुष्कळसें क्वचित् देतो) हेंही आहे. एक रकाना मात्र मला कोठेंच दिसला नाहीं. तो म्हणजे काळाचा. दिवाणखान्यांतल्या खऱ्या रूलेटवर ताशीं चाळीस फेऱ्या होतात असें धरा. प्रत्येक फेरींत एक पौंड लावला, तर सरासरीनें तासाला एक पौंड आठ पेन्स जातील. ९६ टक्के परताव्याच्या स्लॉटवर, दर अडीच सेकंदांस एक पौंड या वेगानें, तासांत १,४४० फेऱ्या होतात आणि सरासरीनें सत्तावन्न पौंड साठ पेन्स जातात. बोटांना इतकी घाई नसली आणि वेग निम्मा असला, तरी अठ्ठावीस पौंड ऐंशी पेन्स. कोष्टकांत हे दोन खेळ २.७ आणि ४ या आंकड्यांनीं जवळजवळ शेजारीं बसतात. घड्याळापुढें त्यांच्यांत पन्नास पटींहून अधिक अंतर पडतें. शिवाय ‘९६ टक्के परत’ हे शब्द ऐकून शंभर पौंड घेऊन बसलेल्या मनुष्याला वाटतें कीं आपले चार पौंड जातील. चार जातात ते एका आवर्तनांत. परत आलेलें पुन्हां लावीत गेल्यास सतरा आवर्तनांनंतर शंभराचे सरासरीनें पन्नास उरतात, आणि वर सांगितलेल्या पुऱ्या वेगानें याला बावन्न मिनिटें पुरतात.

ब्रिटिश जुगार-आयोगानें जेव्हां अपायाचा खरोखर विचार केला, तेव्हां त्यानें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. ऑक्टोबर २०२१ अखेर त्यानें ऑनलाइन स्लॉटची एक फेरी अडीच सेकंदांहून कमी असूं नये असा नियम केला, आपोआप फेऱ्या चालू ठेवण्याची सोय बंद केली, आणि लावलेल्या रकमेहून कमी किंवा तितकेंच परत आलें असतां विजयाचें संगीत व रोषणाई करण्यास मनाई केली. (पौंड लावून चाळीस पेन्स परत आल्याबद्दल तुताऱ्या वाजत होत्या!) २०२५ च्या जानेवारींत कॅसिनोच्या इतर खेळांना पांच सेकंदांची मर्यादा लागली; एप्रिलमध्यें स्लॉटच्या एका फेरीस पांच पौंड, आणि मेमध्यें पंचवीस वर्षांखालील तरुणांस दोन पौंड, अशी कमाल ठरली. खेळ किती प्रकारचे असावेत याविषयीं या नियमांत अवाक्षर नाहीं. परीक्षक संग्रहाकडे पाहत होते. आयोगानें घड्याळाकडे आणि खिशाकडे पाहिलें.

मग इतके खेळ असतात तरी कशाला? येथें मला पास्कालची आठवण होते. १६५४ सालीं फर्माबरोबरच्या पत्रव्यवहारांत जुगाराच्याच एका प्रश्नावरून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घालणारा हा मनुष्य. त्याच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या चिंतनिकांत जुगाऱ्याविषयीं एक मार्मिक निरीक्षण आहे. रोज थोडेंथोडें खेळून काळ घालविणाऱ्या मनुष्याला, तो दिवसभरांत जिंकेल तेवढें द्रव्य सकाळींच देऊन टाका, अट एवढीच कीं त्यानें खेळूं नये. तो दुःखी होईल. आणि पैसे न लावतां नुसतें खेळूं द्या, तो कंटाळेल. त्याला द्रव्यही नको आणि खेळही नको; द्रव्य मिळेल या आशेनें स्वतःला चेतवून स्वतःचा विसर पाडणारी धामधूम त्याला हवी. नताशा डाऊ शुल या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनीं लास व्हेगसमधील यंत्रांवर खेळणाऱ्यांचा वर्षानुवर्षें अभ्यास करून २०१२ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यावरून दिसतें कीं आतां आशेचीही जरुरी उरलेली नाहीं. यंत्राशीं तन्मय झालेला खेळणारा जिंकण्यासाठीं खेळत नाहीं, खेळत राहण्यासाठीं खेळतो. मोठा विजय आला तर क्षणभर त्याची समाधि मोडते आणि त्याला तें रुचत नाहीं. पास्कालला हें वाचावयास मिळालें असतें तर त्याला आनंद झाला नसता.

परंतु अशाही मनुष्याच्या आयुष्यांत एक क्षण येतो. पैसे संपत आले, रात्र झाली, खेळ नीरस झाला. मनांत कोठेंतरी ‘पुरे’ असा शब्द उमटतो. वेदान्त्यांनीं ज्याला विवेक म्हटलें, त्याचेंच हें एक लहानसें घरगुती रूप आहे: हें आणि तें वेगळें करण्याची, घ्यावें कीं टाकावें हें ठरविण्याची शक्ति. या क्षणीं एकच दार समोर असेल तर मनुष्य उठण्याचा संभव पुष्कळ. पण यादी समोर आहे. ती म्हणते, हा खेळ तुझ्या मनास येत नाहीं ना? अगदीं बरोबर. याचा परतावा बेताचाच आहे. तो पाहा दुसरा. विवेक जागा झालेला असतो, त्याला कोणी दडपीत नाहीं, झोंपवीत नाहीं; त्याला काम दिलें जातें. टाकण्याची जी शक्ति घराबाहेर पडण्यासाठीं जागी झाली, ती एका दालनांतून दुसऱ्या दालनांत जाण्यांत खर्च होते, आणि वर मनुष्याला समाधान लाभतें कीं आपण विचारपूर्वक वागलों. संग्रहाची विपुलता उठण्याचें रूपांतर बदलण्यांत करते. हें काम पिरॅमिडांचें आणि ड्रॅगनांचें. आणि हेंच काम, नकळत, माझ्या विद्यार्थ्याच्या अचूक कोष्टकाचें. उठूं पाहणाऱ्याच्या हातांत तें पुढच्या टेबलावर बसण्याचें एक सबळ कारण देतें, आणि कारण जितकें खरें तितकें तें अधिक परिणामकारक. हें मीं त्याला कळविलें.

त्याचें उत्तर आलें, आणि तें दुबळें नव्हतें. जो खेळणारच आहे त्याला चौदा टक्क्यांच्या जागेवरून उठवून एक टक्क्याच्या जागेवर बसविलें, तर मीं त्याचें कांहींच बरें केलें नाहीं काय? शिवाय महिन्यांतून एकदां, नाटकाच्या तिकिटाइतके पैसे घालवून घरीं जाऊन झोंपणारीं शहाणीं माणसें आहेत. त्यांचा तुम्ही हिशेबच धरला नाहीं. दुसरा आक्षेप मला मान्य आहे. अशीं माणसें पुष्कळ आहेत, आणि त्यांना उपदेश करणें हा उद्धटपणा होईल. पण तिकिटाइतके पैसे घालविणारा मनुष्य पन्नास संग्रहांचीं परीक्षणें वाचीत बसत नाहीं. त्याला दिसेल तो खेळ पुरतो. तौलनिक अभ्यास करणारा वाचक बहुधा तो, ज्याची गरज मोठी. पहिला आक्षेप अर्धा खरा आहे. टाय सोडून बँकरवर आलेला मनुष्य वांचला खरा, जर तो तेवढाच वेळ बसला तर. एक टक्क्याच्या जागीं तो चौदापट वेळ बसेल, तर हिशेब तेथेंच येतो.

धंद्याचा चालक दोषी कीं गिऱ्हाईक, आणि मधल्या माणसाचें काय, हा पेंच मिलला १८५९ सालीं पडला होता. ‘स्वातंत्र्या’वरील निबंधाच्या शेवटच्या प्रकरणांत तो म्हणतो त्याचा आशय असा: स्वतःच्या घरीं जुगार खेळण्याची मुभा मनुष्याला असलीच पाहिजे, पण ज्याचा फायदा दुसऱ्याच्या अतिरेकांत आहे, अशाला जुगाराचें घर उघडूं द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न दोन तत्त्वांच्या नेमक्या सीमेवर पडतो. आणि मुख्य कर्त्याला मोकळें सोडून साहाय्यकाला शिक्षा करणें ही जी नैतिक विसंगति, ती पत्करावी कीं नाहीं याचा निर्णय देण्याचें धाडस तो करीत नाहीं. आमच्या पिढीला मिल हा निर्णय देणारा म्हणून शिकविला गेला. येथें तो थांबतो, आणि त्याचें थांबणें मला त्याच्या पुष्कळशा निर्णयांहून अधिक शिकवून गेलें आहे. तें धाडस आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें केलें. ऑनलाइन खेळांविषयींच्या त्या कायद्यानें, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळविण्यास बंदी घातली. चालकाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षें किंवा पन्नास लाख किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवली नाहीं. मिलची विसंगति जशीच्या तशी कायद्यांत उतरली आहे, आणि मला ती मान्य आहे. खरें परीक्षण ही जाहिरात म्हणावी कीं नाहीं, हा माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न आतां वकिलांच्याही कामाचा झाला आहे.

ज्ञानानें जुगारी सुटतो अशी एक कथा आपल्याकडे आहे. वनपर्वांतील नलोपाख्यानांत, सारथि होऊन राहिलेला नळ राजा ऋतुपर्णाचा रथ हांकीत असतां, ऋतुपर्ण वाटेंतल्या एका बेहड्याच्या झाडाकडे नुसती नजर टाकून त्याचीं पानें व फळें किती तें सांगतो. दोन फांद्यांवर फळें २,०९५. नळ रथ थांबवून मोजून पाहतो, आणि तितकींच भरतात. (फांसे करीत ते याच झाडाच्या फळांचे.) तें गणनेचें आणि फांशांचें ज्ञान, अक्षहृदय, नळ अश्वविद्येच्या बदल्यांत शिकतो, आणि तें मिळतांक्षणींच त्याच्या अंगांत शिरलेला कलि बाहेर पडतो. पुढें पुष्कराशीं तो खेळतो तें एकाच पणावर. परताव्याचा आंकडा हें आजचें अक्षहृदय, असें माझ्या विद्यार्थ्यानें एकदां उत्साहानें लिहिलें होतें. पण ऋतुपर्णाची विद्या फांसा जिंकून देत होती. परताव्याचा आंकडा कांहींच जिंकून देत नाहीं. आपण किती वेगानें हरणार एवढेंच तो सांगतो, आणि काळाचा रकाना नसल्यामुळें तेंही धड सांगत नाहीं.

गेल्या हिंवाळ्यांत त्यानें मला एक नवीन कोष्टक पाठविलें. चाळीस खेळ घेतले होते; नांवें, चित्रें, कारखाने सारें काढून टाकलें होतें, आणि एक पौंडाच्या डावास तासाला सरासरी किती जातील, या एकाच क्रमानें ते लावले होते. छत्तीस स्लॉट एकमेकांस इतके चिकटून आले होते कीं त्यांच्यांत क्रम लावण्याला फारसा अर्थ राहिला नव्हता. रूलेट, बॅकरा आणि ब्लॅकजॅक त्यांच्यापासून दूर, वेगळे पडले होते. सर्वांच्या खालीं त्यानें आणखी एक ओळ घातली होती: ‘न खेळणें’, आणि तिच्यापुढें शून्य. आंकडे मीं तपासले, बरोबर आहेत. त्याच्या संपादकानें मजकूर ठेवून घेतला आहे, आणि तो अद्याप प्रसिद्ध झालेला नाहीं.